राणीचो झील

पत्र :

ताई, नमस्कार.

माझं वय ४४. ठाण्यात राहतो, एका खासगी बँकेत कर्जविभागात मॅनेजर आहे. गाव कुडाळ तालुक्यात. ऑगस्टमध्ये ऑफिसने आम्हा २० जणांना लोणावळ्याला दोन दिवसांच्या शिबिराला नेलं होतं. नाटकाच्या खेळांतून नेतृत्वगुण वगैरे. तिथल्या प्रशिक्षकाने मला सांगितलं, समोरच्याने तुमची फाइल हरवलीय, त्याच्यावर चिडा. मी चिडलो. तो म्हणाला, हे तर ईमेलसारखं झालं, नीट चिडा. तिसऱ्या वेळी माझ्या तोंडून एकदम बायकी आवाजात, मालवणीत निघालं, 'माका कोणी इचारल्यान?' (मला कोणी विचारलं?) आणि मी रडायला लागलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रशिक्षक पाठ थोपटून म्हणाला, 'आज खरे तुम्ही बाहेर आलात.'

तेव्हापासून झोप धड नाही. मी मीटिंगमध्ये बोलतो ते, घरात बोलतो ते, सगळं पाठ केल्यासारखं वाटतं. माझे वडील दशावतारी नाटकांत स्त्रीपार्टी होते, म्हणजे राणी वगैरे बायकांची कामं करायचे. शाळेत मुलं मला 'राणीचो झील', म्हणजे राणीचा मुलगा, म्हणून चिडवायची. सातवीनंतर मी जत्रेला जाणं बंद केलं. (बाबा २०१९ ला गेले.) मुंबईत आल्यावर बोलणं सुधारलं, आता बोलण्यावरून माझं गाव कोणी ओळखत नाही. आईचा फोन आला की बाल्कनीत जाऊन बोलतो, मुलगी हसते म्हणून.

तोच प्रशिक्षक डिसेंबरमध्ये 'स्वतःला भेटा' नावाचं पाच दिवसांचं शिबिर घेतोय, फी २८ हजार. जावंसं वाटतं. नोकरी सोडून पूर्णवेळ नाटक करावं असंही मनात येतं. बायको म्हणते, चाळिशी उलटली की पुरुष एकतर बुलेट घेतात नाहीतर असलं काहीतरी काढतात. मी इतकी वर्षं खोटा जगलो का? खरा मी कोणता?

— एक वाचक, ठाणे

ता. क. गावी बाबांची ट्रंक आहे, भाऊ माळा रिकामा करतोय, तिचं काय करू म्हणून विचारतो. माझ्या १८ रजा शिल्लक आहेत, म्हणजे शिबिराची अडचण नाही.

———

नमस्कार.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा लोणावळा लक्षात राहिलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कंस दिसला. वय, फी, माणसं किती, रजा किती, सगळे आकडे जागच्या जागी आहेत. कर्जविभागातला माणूस लिहितोय हे न सांगता कळलं असतं. आणि वडील गेल्याचं वाक्य तेवढं तीन शब्दांत, कंसात. लगेच पुढच्या वाक्यात तुम्ही मुंबईत येता आणि तुमचं बोलणं 'सुधारतं'. माझं उत्तर त्या कंसाशी जाऊन थांबणार आहे. पण तुम्ही विचारलंय वेगळंच, म्हणून आधी ते घेते.

'आज खरे तुम्ही बाहेर आलात' हे वाक्य मला आवडलं नाही. त्या प्रशिक्षकाचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. मीही एके काळी उन्हाळी सुट्टीत नाट्यशिबिरं घ्यायची आणि कुणी रडलं की मलाही वाटायचं, चला, जमलं. रडू आलं म्हणजे काहीतरी हललं, एवढंच खरं. काय हललं ते रडणाऱ्यालाही त्या क्षणी माहीत नसतं. शेजारी उभ्या असलेल्या, तुम्हाला दोन दिवस ओळखणाऱ्या माणसाला ते कुठून कळणार? तरी त्याने नाव देऊन टाकलं आणि तुम्ही ते घरी घेऊन आलात. झोप लोणावळ्यातल्या रडण्याने गेलेली नाही. ती त्या नावाने गेली आहे. कारण तो आवाज 'खरे तुम्ही' असाल, तर इतकी वर्षं ईएमआय भरणारा, मुलीला क्लासला सोडणारा, नीट बोलणारा माणूस कोण, हा हिशेब लागत नाही.

आता जरा त्या आवाजाकडेच बघू. तो बायकी होता आणि मालवणीत होता. तुमचे वडील स्त्रीपार्टी होते, म्हणजे बायकी आवाज त्यांचा असं तुम्ही धरून चालला आहात. पण दशावतारातली राणी मालवणी बोलत नाही हो! तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, सातवीपर्यंत रात्री जागवून बघितलंय तुम्ही. राणी बोलते ते भरजरी मराठी. 'प्राणनाथ, या दासीचा काय अपराध झाला?' मालवणीत बोलतो तो संकासुर राक्षस, नाहीतर हसवणारी पात्रं. मग 'माका कोणी इचारल्यान' हे वाक्य राणीच्या पट्टीत आणि घरच्या बोलीत कसं आलं? तुमच्या वडिलांनी ते रंगमंचावर असं कधीच म्हटलं नसणार. आईने म्हटलं असेल चुलीपुढे, पण त्या आवाजात नाही. थोडक्यात, ते वाक्य आधी कुठे अस्तित्वातच नव्हतं. तुम्ही ते तिथे उभ्याउभ्या रचलंत. बापाची पट्टी घेतली, घरची भाषा घेतली आणि राग तुमचा घातला.

याला पुरलेला माणूस उकरून काढणं म्हणत नाहीत. याला नाटक करणं म्हणतात, आणि तुमच्या घरात ते परंपरेने आलेलं आहे.

ज्या वाचकांनी दशावतार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सिंधुदुर्गात आणि लगत गोव्याच्या पेडण्यात कार्तिकापासून गावोगाव देवळांच्या जत्रा सुरू होतात. रात्री पालखी फिरून आली की देवळापुढे नाटक उभं राहतं आणि उजाडता दहीकाल्याने संपतं. नेपथ्य म्हणजे मागे एक पडदा आणि पुढे एक बाकडं. तेच सिंहासन, तोच पलंग, तोच पर्वत. हार्मोनियम, पखवाज, झांज. लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं, कोण राजा, कोण राणी, कुणी कधी यायचं, हे त्या संध्याकाळी ठरतं आणि संवाद ज्याचे त्याने उभे राहून करायचे. समोरचा चुकला तर सावरून घ्यायचं. लोणावळ्याच्या रिसॉर्टात ज्याला 'इम्प्रोव्हायझेशन' म्हणून पैसे पडतात, ते हे लोक भातकापणी उरकून रातोरात करतात.

वीसेक वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याकडच्या एका जत्रेत मी पडद्यामागे बसून होते. कुणीतरी ओळखीचं होतं म्हणून बसू दिलं. रंगपट म्हणजे देवळाच्या पडवीत अंथरलेली सतरंजी. प्रत्येकाची आपली ट्रंक, ट्रंकेच्या झाकणाला आतून टेकवलेला आरसा. तिथे रंगवणारा वेगळा नसतो, ज्याचं तोंड त्याने रंगवायचं. माझ्या पुढ्यात पन्नाशीचा एक गृहस्थ बसला होता. चेहरा अर्धा गोरा करून झाला होता, गळ्याखाली उन्हाने रापलेला रंग तसाच. ओठांत विडी. भुवई काढता काढता शेजारच्याला सांगत होता की सोसायटीत युरिया आलेला नाही आणि आला तरी चेअरमनच्या घरचे आधी नेणार. मग विडी जमिनीवर विझवून अर्धी कानावर ठेवली. लुगडं नेसला, निऱ्या दोन बोटांत धरून एकदा झटकल्या, बांगड्या चढवल्या, टोप घातला. टोपाखाली विडी अडली, ती काढून ट्रंकेत नीट ठेवली. उठला आणि चालायला लागला तेव्हा चाल बदललेली होती. खांदा आधी वळायचा, मग मान. बाहेर गेला आणि अर्ध्या तासाने नवऱ्याने टाकलेल्या राणीचा विलाप असा केला की पडद्याच्या फटीतून मला दिसणाऱ्या एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. आत आला, घटाघटा पाणी प्यायला आणि म्हणाला, 'हां, तर चेअरमनचां काय सांगत व्हतंय...'

त्यातला खरा कोणता? युरियावाला की राणी? त्याला विचारलं असतं तर त्याने माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं बघितलं असतं. त्याला हा प्रश्न पडत नव्हता, कारण दोन्हींची जागा ठरलेली होती. ट्रंक उघडली की ही, बंद केली की तो. तुमची पंचाईत वेगळी आहे. तुम्ही सातवीत ट्रंकेकडे पाठ फिरवलीत आणि मग आयुष्यभर एकाच भूमिकेत उभे राहिलात, रात्र संपली तरी रंग न उतरवता. त्वचेला खाज सुटणारच.

आता 'सुधारलं' या शब्दाबद्दल. तुमच्या वडिलांनी रंगमंचावर जे मराठी बोललं ते प्रमाण मराठीच्याही वरचं, संस्कृताने नटलेलं होतं. शाळा किती शिकले असतील ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण जी भाषा मुंबईत येऊन कष्टाने मिळवली असं तुम्ही समजता, ती तुमच्या घरात रात्री बाराला लुगडं नेसून बोलली जात होती. मीटिंगमध्ये तुम्ही जे 'पाठ केल्यासारखं' बोलता, ती वडिलांचीच कला आहे. फक्त त्यांना माहीत होतं की आपण पार्ट करतोय आणि त्यात त्यांना मजा येत होती. तुम्हाला भीती वाटते, कुणी गाव ओळखेल. मजा गेली आणि भीती आली की पार्टाचं सोंग होतं.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होऊन गेले. 'खरा स्व' आणि 'खोटा स्व' ही जोडी त्यांनी १९६० च्या सुमारास मांडली आणि पुढे ती शिबिरवाल्यांच्या हाती लागली. शिबिरात तिचा अर्थ असा सांगतात की खोटा फाडा, आत खरा बसलाय. विनिकॉटचं म्हणणं इतकं उथळ नव्हतं. त्यांच्या मते तो खोटा म्हणवला जाणारा भाग आतल्याची राखण करतो. लहान मुलाला जिथे जसं आहे तसं राहणं धोक्याचं वाटतं, तिथे तो पुढे होऊन दार सांभाळतो. आणि त्याचं साधं, निरोगी रूप म्हणजे चारचौघांत नीट वागणं, जे आपण सगळेच करतो. तुमच्या वर्गात 'राणीचो झील' म्हणून ओरडणारी पोरं होती तेव्हा बारा वर्षांच्या मुलाने एक रखवालदार नेमला. चांगला नेमला. त्याने तुम्हाला शिकवलं, नोकरी लावली, घर घेतलं. त्याला आज 'खोटा' म्हणून हाकलून देऊ नका. फक्त त्याला सांगायला हवं की ती पोरं आता पंचेचाळिशीची झालीत, त्यांना बीपीच्या गोळ्या चालू असतील, जरा खुर्चीवर बसायला हरकत नाही.

नाटकाने माणूस बरा होतो का? होतो कधी कधी. ही गोष्ट नवीनही नाही. १९२० च्या दशकात व्हिएन्नामध्ये याकोब मोरेनो नावाचा तरुण डॉक्टर संहिता नसलेलं नाटक करायचा, नट जे सुचेल ते बोलायचे. त्याच्या मंडळीत एक बार्बरा होती, कायम सोज्वळ, गोड भूमिका करणारी. तिच्या नवऱ्याने मोरेनोला गुपचूप सांगितलं की ही घरी नुसती आग असते, अंगावर धावून येते. मोरेनोने काय केलं, त्या रात्रीपासून तिला रस्त्यावरच्या, भांडकुदळ, शिव्या देणाऱ्या बायकांच्या भूमिका द्यायला सुरुवात केली. प्रेक्षक खूश. आणि नवरा काही दिवसांनी सांगायला आला की घरी भांडण सुरू होतं, पण मध्येच तिला रंगमंचावरचं आठवतं आणि ती हसायला लागते. मोरेनोने हे स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे अमेरिकेत त्याने याच वाटेने सायकोड्रामा ही उपचारपद्धती उभी केली. दोन गोष्टी लक्षात घ्या. तिला कुणी म्हटलं नाही की 'बार्बरा, खरी तू ही आहेस.' आणि ती रोज रात्री तेच करत होती, काही महिने, ओळखीच्या मंडळीत. पाच दिवसांत अनोळखी माणसांपुढे उघडं पडून सहाव्या दिवशी लोकल पकडायची नव्हती.

म्हणून त्या डिसेंबरच्या शिबिराला माझं नाही आहे. २८ हजारांसाठी नाही, जरी तेवढ्यात एखाद्या हौशी संस्थेचं अख्खं नाटक उभं राहतं. जो तुमच्या रडण्याला चटकन नाव देतो, तो पुढच्या वेळी जास्त रडवेल आणि मग सोडून देईल. असं काम करायला प्रशिक्षण लागतं आणि नंतर माणसाला सांभाळायची तयारी लागते. तुमची झोप अजून ताळ्यावर नसेल तर एकदा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, १४४१६ वर, फुकट, मराठीतही. नाटक त्याच्या जोडीला चालतं. त्याच्या जागी नको.

नोकरी सोडू नका. यावर जास्त बोलत नाही. तुमचे वडील शेती सोडून राणी झाले नव्हते.

पण नाटक करा. नक्की करा. ठाण्यात हौशी मंडळी भरपूर आहेत. राज्य नाट्य स्पर्धेच्या आधीचे दोन महिने कुठल्या ना कुठल्या शाळेच्या हॉलमध्ये रात्री साडेआठनंतर तालमी चालू असतात, बँकेतून, कंपनीतून, पालिकेतून थेट आलेली माणसं डबा खाऊन उभी राहतात. तिथे जा आणि सांगा, काहीही काम द्या. पहिल्या वर्षी तुम्हाला प्रॉम्प्टिंग देतील किंवा तिसऱ्या अंकातला पोस्टमन. घ्या. पोस्टमनला तीन वाक्यं असतात आणि ती तीन वाक्यं म्हणणारा माणूस कोण, कुठून आला, त्याची चप्पल कुठे झिजलीय, हे शोधताना स्वतःचा विचार करायला वेळ मिळत नाही. मला विचाराल तर नाटकाचा खरा उपकार तो. स्वतःला शोधायला गेलेली माणसं तालमीत फार कंटाळा आणतात.

एक खबरदारी. तुम्ही मालवणी बोलता हे कळलं की ते तुम्हाला विनोदी पार्ट देतील. १९८० मध्ये 'वस्त्रहरण' आलं, मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले आणि मालवणीला मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर मानाची खुर्ची मिळाली, हे उपकार मोठेच. पण त्याबरोबर एक सवयही लागली. मालवणी ऐकली की प्रेक्षक हसायच्या तयारीत बसतो. तुमची मुलगी बाल्कनीकडे बघून हसते ती त्याच सवयीने, दुष्टपणाने नव्हे. तिने ती भाषा रागावताना, रडताना, हिशेब करताना ऐकलीच नाही. तुम्हीच ऐकू दिली नाही. आईचा पुढचा फोन हॉलमध्ये, टीव्ही बंद करून घ्या. स्पीकरवर. हसली तर हसू दे.

आमच्या इमारतीतली एक गोष्ट सांगते, मग तुमच्या ट्रंकेकडे वळते. काही वर्षांपूर्वी नवरात्रात बायकांनी भोंडल्यानंतर भारूड बसवायचं ठरवलं. एकनाथांचं, भवानीला रोडगा वाहण्याचं. त्यात एक सासुरवाशीण देवीला नवस बोलते की सासऱ्याला गावीच खपव, सासूचा निकाल लाव, जावेचं, नणंदेच्या पोराचं असं असं कर, आणि शेवटी नवऱ्याचाही बळी द्यायला निघते. सोळाव्या शतकात पैठणच्या एका संताने बाईच्या तोंडून हे म्हटलं, हेच मला दर वेळी नवल वाटतं. अर्थ आध्यात्मिक आहे, माहीत आहे, पण म्हणताना जीभ तर तेच शब्द उच्चारते. मुख्य पार्ट आला आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे. अतिशय मवाळ बाई, लिफ्टमध्येही 'मी नंतर येते' म्हणणारी. तालमीत आवाज निघेना. प्रयोगाच्या रात्री कपाळाला मळवट भरला, हातात परडी घेतली आणि नवऱ्याच्या ओळीला अशी काही घुमली की खुर्च्यांवरची पुरुषमंडळी गप्प झाली. तिचे यजमान दुसऱ्या रांगेत होते. आधी हसले, मग हसायचे थांबले, मग सगळ्यांत आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माझ्याकडे कोथिंबीर मागायला आल्या. मी म्हटलं, काय वहिनी, कसं वाटतंय? म्हणाल्या, 'घसा बसलाय.' आणि लाजून हसल्या. त्यांचा संसार आहे तसाच चालू आहे. लिफ्टमध्ये मात्र त्या आता आधी शिरतात.

त्यांना देवीने, एकनाथांनी आणि त्या मळवटाने आडोसा दिला होता. आडोसा असला की बोलता येतं. लोणावळ्यात तुम्हाला आडोसा नव्हता, म्हणून तुम्ही घाईने वडिलांचा आवाज ओढून घेतलात.

आता एक काम. शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर बसा आणि एक प्रवेश लिहा. मालवणीत, शुद्धलेखनाची पर्वा न करता. जागा : देवळाची पडवी, जत्रा संपलेली, उजाडतंय. राणी अर्धा रंग उतरवलेली, टोप मांडीवर. समोर सातवीतला मुलगा. त्या वर्षी तो आला नव्हता. राणी विचारते, काल कां नाय इलंस? तिथून पुढे दोघांना बोलू द्या. मोठं भाषण कुणालाही देऊ नका, दोन-दोन वाक्यं पुरे. लिहून झालं की उभे राहून वाचा, आधी मुलगा तुम्ही, मग राणी तुम्ही. जागा बदलून. मोरेनोकडेही हा जागाबदल होता, पण तुम्हाला त्याची काय गरज, तुमच्याकडे बाकडं आहे.

या प्रवेशात ते वाक्य कुठेतरी येईल, 'माका कोणी इचारल्यान?' ते कुणाच्या तोंडी येतं तेवढं बघा. तुम्ही समजता ते तुमचं आहे, फाइल हरवल्यावरचं, किंवा आयुष्य हरवल्यावरचं. मला पत्र वाचताना वाटलं की ते राणीचंही असू शकतं. पोराने जत्रेला यायचं बंद केलं. का, ते सांगितलं नाही. वडिलांनी विचारलं नाही आणि वडिलांनाही कुणी विचारलं नाही, की बाबा, तुला बाई व्हायला आवडतं का रे, का फक्त नाइटचे पैसे मिळतात म्हणून करतोस? मग एक दिवस माणूस गेला आणि कंसात जाऊन बसला. माझा अंदाज चुकलाही असेल. प्रवेश लिहिलात की तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

तुमच्या पत्नीचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. बुलेट फार महाग पडते एवढंच. त्यांना तो प्रवेश वाचून दाखवा, आणि राणी त्यांना वाचायला द्या.

ट्रंक. भावाला आज फोन करा आणि सांगा, हात लावू नको, मी येतोय. तिथे गेल्यावर तुम्हीही एकट्याने उघडू नका. आईसमोर उघडा. कुठली बांगडी कुठल्या आख्यानाची, लुगड्यावरचा डाग कसला, हे ती एकटीच सांगू शकेल, आणि तिला हे इतक्या वर्षांत कोणी विचारलंय असं मला वाटत नाही. टोपाला कसर लागली असेल, त्याची तयारी ठेवा. वस्तू ठेवायच्या की वडिलांच्या मंडळीतल्या कुणाला द्यायच्या, हे तिला ठरवू दे. नव्या स्त्रीपार्टीला जुन्या माणसाचा दागिना मिळाला तर तो जपून वापरतो.

आणि जत्रा गाठून जा. तारीख आईला तोंडपाठ असेल. मुलीला घेऊन जा, तिच्या वयाच्या मुलीला रात्रभर जागायला परवानगी मिळणं हेच मोठं आकर्षण आहे. पुढे बसा, गावातले लोक 'कोणाचो रे तू?' म्हणून विचारतील. काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, मुलांनी शिकवलंय.

अठरातल्या चार रजा टाका. एक जायची, एक ट्रंकेची, एक जत्रेची. चौथी झोपायची, कारण उजाडता दहीकाला झाल्यावर तुम्हाला जी झोप लागेल, तीत फोन बंद ठेवलेला बरा.